नर्सिंगला आले आणि ग्रीक-लॅटिन शब्दांनी जीव मेटाकुटीला आलाय, मराठी मिडीयमवाल्यांनी हे कसं केलं?

फर्स्टइयर_लालबाग

नमस्कार सगळ्यांना. मी बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी मिडीयम, मग अकरावी-बारावी सायन्स, तेव्हा वाटलं आता इंग्लिशची सवय झाली, पण इथे येऊन बघते तर हे इंग्लिशच नाहीये. अ‍ॅनाटॉमीच्या मॅडमनी रूट वर्ड्सची यादी दिलीय, हेपॅटो म्हणजे लिव्हर, नेफ्रो म्हणजे किडनी, ऑस्टिओ म्हणजे हाड, मायो म्हणजे स्नायू, अशी पानंच्या पानं, आणि सांगितलं की पाठ करा, व्हायवाला विचारणार. बसमध्ये बसून घोकते आणि कॉलेज येईपर्यंत निम्मं उडालेलं असतं.

माझा खरा प्रश्न असा की एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द का आहेत? किडनीच्या डॉक्टरला नेफ्रॉलॉजिस्ट म्हणायचं पण टेस्ट मात्र रीनल फंक्शन टेस्ट. फुप्फुसाला पल्मोनरी पण आणि न्यूमो पण. शिरेला व्हेन म्हणायचं आणि शिरेला सूज आली की फ्लेबायटिस. ह्यात काही नियम आहे का की नुसतंच लक्षात ठेवायचं? दुसरं म्हणजे हायपर आणि हायपो माझं कायम उलटसुलट होतं आणि नर्सला हे उलटसुलट होऊन चालणार नाही हे मला कळतंय, म्हणून जास्त टेन्शन आहे. मला मार्कांपुरतं नकोय, समजून करायचंय. मराठीतून शिकून ह्या लाइनला आलेल्या कोणी असतील तर प्लीज सांगा.

जुनी_वॉर्डसिस्टर

बाळा, मी पण मराठी शाळेतली, गिरणगावातलीच. वॉर्डात सगळी हयात गेली, आता रिटायर आहे. पहिलं सांगते, यादी घेऊन वरून खाली पाठ करू नकोस, ती कोणाच्याच डोक्यात राहत नाही. शब्द पेशंटच्या केस पेपरवरून शिक, आणि शब्द शेवटाकडून वाच. शेवटचा तुकडा सांगतो काय झालंय किंवा काय करणार आहेत, मधला सांगतो कुठे, आणि पुढचा सांगतो किती, कसं, कोणत्या बाजूला.

कोलेसिस्टेक्टमी घे. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सगळे लॅप कोली लॅप कोली म्हणतात म्हणून पूर्ण शब्द कोणी बघतच नाही. शेवट एक्टमी, म्हणजे कापून बाहेर काढणे. मधे सिस्ट, ग्रीकमध्ये किस्टिस म्हणजे पिशवी. पुढे कोले, म्हणजे पित्त. पित्ताची पिशवी काढली, झालं. आणि लॅप म्हणजे लॅपरो, ग्रीकमध्ये बरगड्यांखालची पोटाची मऊ बाजू. एकदा हे फोडलंस की सिस्टायटिस (लघवीच्या पिशवीचा दाह) आलं तर सिस्ट ओळखीचं, कोलँजायटिस (पित्तनळ्यांचा दाह) आलं तर कोले ओळखीचं.

शेवटच्या तुकड्यांत तीन आहेत ते मात्र अगदी पक्के कर कारण तिथे गल्लत झाली तर कन्सेंटचा फॉर्म चुकतो. एक्टमी म्हणजे काढून टाकणे, ऑटमी म्हणजे नुसता छेद देणे, आणि ऑस्टमी म्हणजे तोंड करून ठेवणे. स्टोमा म्हणजे ग्रीकमध्ये तोंड. कोलोस्टमीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला पोटावर तोंड करून दिलेल्या, पेशंटच्या पोटावर जे लाल ओलसर तोंड दिसतं त्याला आपण स्टोमाच म्हणतो ना, तेच. तुला पहिल्यांदा स्टोमा केअर करायला लावतील तेव्हा बघ, कडेची त्वचा, बॅगचं भोक किती कापायचं, रंग गुलाबी-लाल आहे की काळपट, सगळं बघायचं असतं, त्यानंतर ऑस्टमी आणि ऑटमी ह्यात आयुष्यात गोंधळ होणार नाही. हिस्टेरेक्टमीला हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. नातेवाइकांशी बोलताना "पिशवी काढायची आहे" एवढंच म्हणतात सगळे, पण पित्ताची पण पिशवी आणि गर्भाची पण पिशवी, म्हणून कोणती पिशवी ते दरवेळी नीट सांगायचं, सासूला एक आणि नवऱ्याला दुसरं समजलेलं मी पाहिलंय.

आणि मुंबईत पावसाळ्यात हे शब्द तुला बातम्यांतच मिळतील. गॅस्ट्रोची साथ म्हणतात ती गॅस्ट्रोएन्टेरायटिस, गॅस्टेर म्हणजे पोट, एन्टेरॉन म्हणजे आतडं, आयटिस म्हणजे दाह. हे आयटिस पण मजेशीर आहे, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ फक्त "अमक्याचा" एवढाच, पुढे नोसॉस म्हणजे आजार हा शब्द असायचा, आर्थ्रायटिस नोसॉस म्हणजे सांध्यांचा आजार. नंतर नोसॉस गळून पडलं आणि नुसत्या आयटिसलाच दाहाचा अर्थ चिकटला. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, लेप्टोस म्हणजे बारीक, स्पायरा म्हणजे वेटोळं, ओसिस म्हणजे स्थिती किंवा आजार. जंतू खरंच तसाच आहे, बारीक आणि वेटोळ्याचा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोच्या पेशंटनी वॉर्ड भरले होते, सगळीकडे लेप्टो लेप्टो, आणि तो शब्द म्हणजे नुसतं "बारीक" एवढंच आहे. पोलिओचं पण तसंच, पोलिऑस म्हणजे करडा रंग. पूर्ण शब्द पोलिओमायलायटिस, मज्जारज्जूच्या करड्या भागाचा दाह.

कोडिंगवाला_ऐरोली

दोन शब्द का ह्याचं उत्तर देतो, मी मेडिकल कोडिंग करतो, म्हणजे आजार-उपचारांच्या नोंदींना कोड देतो, त्यामुळे दिवसभर हेच डोळ्यासमोर असतं आणि हा प्रश्न मलाही पडलेला म्हणून त्यावर बरंच वाचलंय.

वैद्यक ग्रीकांकडे वाढलं, हिपोक्रेटिस वगैरे. रोमन लोकांनी राज्य जिंकलं पण डॉक्टर ग्रीकच राहिले, गेलन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये बसून ग्रीकमध्येच लिहायचा. त्याच्या आधी पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या माणसाने वैद्यक लॅटिनमध्ये मांडलं. दाहाची चार लक्षणं रुबोर, ट्युमोर, कालोर, डोलोर म्हणजे लाली, सूज, उष्णता, वेदना, ती त्याचीच. पॅथॉलॉजीत येतील बघ, आजपण पहिल्याच लेक्चरला शिकवतात. मग ग्रीक ग्रंथ बगदादला अरबीत गेले आणि काही शतकांनी अरबीतून लॅटिनमध्ये परत आले. मेंदूवरच्या आवरणाला ड्युरा मेटर म्हणतात, शब्दशः "कठीण आई", हे अरबीतून आलंय, अरबीत अशा आवरणाला मेंदूची आई म्हणत आणि भाषांतर करणाऱ्याने आई तशीच ठेवली.

पुढे १५४३ ला व्हेसॅलियसने स्वतः प्रेतं कापून शरीररचनेचा मोठा ग्रंथ छापला तो लॅटिनमध्ये, कारण तेव्हा युरोपात विद्वानांची भाषा लॅटिन. म्हणून साधारण असं झालं की शरीराचे भाग जास्त करून लॅटिन आणि आजार, तपासणी, ऑपरेशन जास्त करून ग्रीक. व्हेन हा भाग, लॅटिन. फ्लेबायटिस हा आजार, ग्रीक. रीनल आर्टरीमध्ये रीनल लॅटिन, नेफ्रायटिस ग्रीक. फुप्फुसाचं पण तेच, पल्मोनरी लॅटिन, न्यूमोनिया ग्रीक. नियम शंभर टक्के लागू पडत नाही, अपेंडिसायटिस हा शब्द १८८६ मध्ये अमेरिकेत फिट्झ नावाच्या डॉक्टरने वापरात आणला त्यात अपेंडिक्स लॅटिन आणि आयटिस ग्रीक. हायपरटेन्शनमध्ये पण हायपर ग्रीक आणि टेन्शन लॅटिन. पण दहातल्या सात-आठ वेळा अंदाज बरोबर येतो.

आणि आत्ता आहे हा पसारा कमीच म्हणायचा. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला तज्ज्ञ शरीररचनेची नावं ठरवायला बसले तेव्हा सुमारे ५०,००० नावं चालू होती, एकेका भागाला कितीतरी, ती छाटून सुमारे ५,००० केली.

पार्ल्याची_संस्कृतबाई

मी शाळेत संस्कृत शिकवते, वैद्यकातलं मला काही कळत नाही, पण हायपर-हायपोवरून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

अगं, हायपो म्हणजे आपलं "उप" आणि हायपर म्हणजे आपलं "उपरि". नुसतं सारखं दिसतं म्हणून सांगत नाहीये, हे खरोखर एकाच मूळ शब्दापासून आलेले आहेत. उप म्हणजे खालचं, दुय्यम, जवळचं. मुंबई उपनगर जिल्हा म्हणतो ना, तिथलं उप. इंग्लिशमधल्या सबर्बमधला "सब" लॅटिन, तोही ह्याच उपचा नातलग. आणि उपरि तर सरकारी पत्रात रोज दिसतं, उपरोक्त म्हणजे उपरि उक्त, वर सांगितलेलं. तेव्हा हायपोग्लायसेमिया दिसलं की उप, खाली, साखर कमी. हायपरग्लायसेमिया दिसलं की उपरि, वर, साखर जास्त. एवढं डोक्यात बसलं की उलटसुलट व्हायचं कारण नाही.

असे उपसर्ग बरेच आहेत. पेरि म्हणजे परि, परिसर परिक्रमा मधलं, सभोवती. पेरिकार्डियम म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण. डिस म्हणजे दुस्, दुर्गंध दुष्काळ मधलं, वाईट किंवा कष्टाचं. अ आणि अन् तर ग्रीकमध्ये अगदी आपल्याच नियमाने चालतात, व्यंजनाआधी अ, स्वराआधी अन्. आपण अशक्य म्हणतो पण अनुचित म्हणतो, तसंच ग्रीकमध्ये अ‍ॅप्निया (श्वास थांबणे) पण अन्युरिया (लघवी न होणे). अ‍ॅनिमियात पण हाच अन् आहे, पुढचा हायमा म्हणजे रक्त, त्यातला ह उच्चारातून गेला.

आता अवयव बघ. दंत म्हणजे लॅटिन डेन्स, ग्रीक ओडोन्ट. अस्थि म्हणजे ऑस्टिओन. जानु म्हणजे गुडघा, लॅटिनमध्ये गेनु. नाभि म्हणजे ग्रीक ओम्फालॉस आणि लॅटिन उंबिलिकस, बेंबीच्या ओम्फॅलायटिसमध्ये येतो तो. आंत्र म्हणजे वर सिस्टरनी सांगितलेलं एन्टेरॉन. आणि मला सगळ्यात आवडतं ते यकृत. संस्कृत यकृत्, लॅटिन येकुर, ग्रीक हेपार, तिन्ही एकच शब्द आहे. हेपार बघून वाटत नाही, पण मुळात सुरुवातीला य होता, ग्रीकमध्ये त्या जागी ह झाला आणि मधल्या क्व चा प झाला. म्हणजे तू हेपॅटायटिस म्हणतेस तेव्हा यकृताचंच नाव घेतेस.

आता एक पूर्ण शब्द सांगते. नर्सिंगला येणारच. अमेनोरिया, पाळी न येणे. फोड कर. अ, मेन, रिया. अ म्हणजे अ. मेन म्हणजे ग्रीकमध्ये महिना, आपला मास. रिया म्हणजे वाहणे, ग्रीक ऱ्हेओ, मूळ धातू संस्कृतात स्रु, त्यापासून स्राव. अ-मास-स्राव. तिन्हीच्या तिन्ही तुकडे आपल्याकडच्या शब्दांचे सख्खे भाऊ आहेत. आणि पुढे डिस लाव, डिसमेनोरिया, दुस्-मास-स्राव, कष्टाची पाळी. डायरिया मधला रिया पण तोच, डाय म्हणजे आरपार, आरपार वाहून जाणं. मुली मला विचारतात संस्कृत शिकून काय उपयोग, तर हा एक उपयोग नक्की आहे की जगातलं वैद्यक वाचताना परकं वाटत नाही, आणि तू तर आठवी ते दहावी संस्कृत घेतलं असशील तर अर्धं काम झालेलं आहे, नसेल घेतलं तरी हे शब्द मराठीत आहेतच.

दादर_वेस्ट_७७

वा मॅडम. म्हणजे हे सगळं संस्कृतातूनच तिकडे गेलंय ना? ग्रीकांनी आपल्याकडून उचललं असणार.

पार्ल्याची_संस्कृतबाई

नाही हो दादा, तसं नाही, आणि हे मुलींना पण मी मुद्दाम सांगते. संस्कृत, ग्रीक, लॅटिन ह्या एका जुन्या भाषेच्या लेकी, ती मूळ भाषा आता कुठेच लिहिलेली सापडत नाही, तुलना करून तिची कल्पना करावी लागते. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने ह्या तिघींचा उगम एक असावा असं जाहीर मांडलं, तिथून हा अभ्यास वाढला. एकीने दुसरीकडून घेतलं असतं तर शब्द जवळजवळ जसेच्या तसे दिसले असते, यकृतचं हेपार झालं नसतं.

आणि म्हणूनच कानाला सारखं लागलं की जोडून टाकायचं असं करू नये. डर्मा म्हणजे त्वचा, आणि आपल्याकडे चर्म, ऐकायला किती जवळ. पण दोन्हींचा काही संबंध नाही. डर्मा आलंय सोलणे ह्या अर्थाच्या धातूपासून, त्याचा आपल्याकडचा नातलग दृ, विदारण मधला. चर्म वेगळ्याच, कापणे अर्थाच्या धातूपासून. लक्षात ठेवायला यमक म्हणून वापर खुशाल, पण नातं आहे असं परीक्षेत लिहू नकोस.

गिरगाव_केमिस्ट

काऊंटरवरून थोडं लॅटिन माझ्याकडून. हे यादीत नसतं पण ड्यूटीवर पहिल्या दिवसापासून लागतं.

औषधाच्या चिठ्ठीवरचे ओडी, बीडी, टीडीएस सगळ्यांना माहितीये पण कशाचं काय ते नाही. बीडी म्हणजे बिस इन दिए, दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे तेर दिए सुमेन्दुम, दिवसातून तीनदा घेण्याचं. एचएस म्हणजे होरा सोम्नी, झोपायच्या वेळी, आणि वरच्या मॅडमचं वाचून सांगतो की सोम्नुस म्हणजे झोप आणि आपलं स्वप्न हे पण एकाच मुळातले. एसी म्हणजे जेवणाआधी, आन्ते सिबुम, आणि पीसी जेवणानंतर, पोस्ट सिबुम. स्टॅट म्हणजे स्टॅटिम, लगेच.

एसओएस बद्दल खास सांगतो कारण रोज कोणी ना कोणी घाबरून विचारतं. गोळीपुढे एसओएस लिहिलेलं बघून लोकांना वाटतं ही इमर्जन्सीची गोळी, जीवावर बेतलं तरच घ्यायची. ते आहे सी ओपुस सित, गरज पडली तर. ताप आला तर घ्या, नाही आला तर नको, एवढंच. डिस्चार्जच्या वेळी पेशंटला मराठीत "लागली तरच" असं सांगा, आमच्याकडे येऊन घाबरणारे निम्मे कमी होतील.

आणि ओडी बघून नीट विचार कर. आपल्याकडे ओडी म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या कागदावर ओडी म्हणजे ओक्युलुस डेक्स्टेर, उजवा डोळा. डोळ्यात घालायच्या ड्रॉपच्या चिठ्ठीवर ओडी असेल तर दोन्ही अर्थ लागू शकतात, तिथे डॉक्टरला फोन लावून विचारायचं, अंदाज करायचा नाही. आम्ही तर चिठ्ठीवर १-०-१ असं लिहून देतो, ते आजीलाही कळतं.

कोडिंगवाला_ऐरोली

केमिस्ट काकांनी लॅटिन काढलंच आहे तर लस राहू नये. व्हॅक्सिन हा शब्द लॅटिन व्हाक्का म्हणजे गाय ह्यापासून, जेनर नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १७९६ मध्ये गाईच्या देवीची लस टोचली म्हणून. भारतात पहिली लस टोचली गेली ती आपल्या मुंबईतच, १४ जून १८०२ ला, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. आणि सगळेच शब्द ग्रीक-लॅटिन असतात असंही नाही, चिकुनगुन्या हा पूर्व आफ्रिकेतल्या माकोंदे भाषेतला आहे, दुखण्याने माणूस वाकतो त्यावरून. तो फोडायला बसू नकोस, काही हाती लागणार नाही.

फर्स्टइयर_लालबाग

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, मला वाटलं नव्हतं एवढं कोणी लिहील. आठवी ते दहावी संस्कृत होतं माझं, शंभर मार्कांचं, पण हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. अमेनोरियाचं वाचल्यावर मी वही घेऊन बसले आणि हेमिप्लेजिया फोडून बघितलं, हेमि म्हणजे अर्धं आणि प्लेजिया म्हणजे फटका हे शोधलं, आणि आपण अर्धांगवायू म्हणतो त्यातपण अर्धं अंग आहेच, म्हणजे दोन्हीकडच्यांनी पेशंटकडे बघून एकच गोष्ट पाहिली. आता रोज वॉर्डातून आल्यावर केस पेपरवरचे शब्द असेच फोडणार आहे.

पण सिस्टर, पोलिओमायलायटिसमध्ये मायलो म्हणजे मज्जारज्जू म्हणालात, आणि ऑस्टिओमायलायटिसमध्ये मॅडमनी मायलो म्हणजे बोन मॅरो सांगितलं. आणि मायो म्हणजे स्नायू. हे तिन्ही मी कसं वेगळं ठेवू? आणि इलियम दोन आहेत, एक आतड्यात आणि एक कमरेच्या हाडात, उच्चार पण सेम.

जुनी_वॉर्डसिस्टर

मायलो दोन्हीकडे बरोबर आहे. मायलॉस म्हणजे आतला मगज. हाडाच्या आतला मगज तो बोन मॅरो, आणि मणक्यांच्या आतला मगज तो मज्जारज्जू, जुन्या लोकांना दोन्ही सारखेच दिसले, आणि आपण तरी काय, दोन्हीला मज्जाच म्हणतो. कुठला ते आजूबाजूच्या तुकड्यावरून कळतं, ऑस्टिओ लागलं तर हाडातला. मायो मध्ये ल नाही, तो वेगळाच शब्द. ल आहे की नाही एवढं बघ.

इलियमचं, स्पेलिंगमध्ये मधे ई अक्षर असेल ते आतड्याचं, एन्टेरॉनचा ई धर. मधे आय असेल ते हाडाचं. बोलताना कळत नाही म्हणून आम्ही इलिअ‍ॅक आणि इलिअल असं बोलायचो, इलिअ‍ॅक बोन, इलिअल लूप. तसंच युरेटर आणि युरेथ्रा, युरेटर किडनीकडून मूत्राशयात येतात त्या दोन नळ्या, युरेथ्रा तिथून बाहेर जाणारी एक. कॅथेटर युरेथ्रातून घालतो आपण, हे हाताने केलंस की बसेल. आणि पेरोनियल व पेरिनियल ह्यांच्याकडे तर नीटच बघ, पेरोनियल पायाच्या बाहेरच्या बाजूची नस, पेरिनियल म्हणजे मांड्यांमधली जागा, बाळंतपणानंतर पेरिनियल केअर देतो ती. हा घोळ एवढा व्हायचा की १९९८ च्या आंतरराष्ट्रीय यादीत पेरोनियलच्या जागी फिब्युलर आणलंय, पण वॉर्डात जुने डॉक्टर अजून पेरोनियलच म्हणतात, त्यामुळे दोन्ही येऊ देत. फोनवर ऑर्डर घेताना असला शब्द आला की परत म्हणून दाखवायचा आणि पायाचं ना, असं विचारून घ्यायचं, कोणी रागावलं तरी विचारायचं.